शेठचं ऊन

एका सरड्याच्या दिव्यापायी माझं डोकं इतकं उठेल हे आधी कळलं असतं, तर मी सरळ मांजर आणली असती. मांजरीला दिवा लागत नाही. ऊन पडेल तिथे ती बापडी जाऊन झोपते, ऊन सरकलं की तीही सरकते, आणि कुणाला काही विचारत नाही.

पण सोपं काही करायचं नाही असा आमच्या घराचा नियमच आहे. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांचे डोळे तपासायचे, नंबर काढायचा, काचा घासून फ्रेममध्ये बसवून द्यायच्या, यात माझी अर्धी हयात गेली. आणि नेमका माझ्याच पोरीचा डावा डोळा आळशी निघाला. आळशी डोळ्यात तसा बिघाड काही नसतो. उजवा सगळं काम करतोय म्हटल्यावर डावा नुसता बसून खातो, आणि मेंदूही हळूहळू त्याच्याकडे लक्ष देईनासा होतो. त्यावर उपाय एकच. चांगला डोळा पट्टीने झाकायचा, म्हणजे आळशाला झक मारत काम करावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं होतं, की पोर नऊ वर्षांची झाली, आधीच उशीर झालाय, हे वर्ष हातचं गेलं तर तो डोळा कायमचा गेला. शाळेतून आल्यापासून दिवेलागणीपर्यंत पट्टी. त्याहून कमी नको, आणि जास्त तर मुळीच नको, कारण फार झाकलं की चांगला डोळाही रुसतो.

पोरीला घरात आम्ही ठकी म्हणतो. पट्टी दिसली की ठकी घर डोक्यावर घ्यायची. पट्ट्या फ्रिजमध्ये सापडल्या, टेबलाच्या खालच्या अंगाला चिकटवलेल्या सापडल्या, एकदा तर तिच्या बाबाच्या पाठीवर सापडली, आणि हा बाबा दिवसभर तसाच लोकांच्या घरी हिंडून आला. रोज रडारड, रोज माझा घसा बसलेला. शेवटी नवऱ्याने मला एका शब्दाने न विचारता तिला कबूल केलं, की पट्टी नीट लावलीस तर हवा तो प्राणी आणू. मला वाटलं, मासे मागेल. तिने सरडा मागितला.

नवरा कपाटं बसवायची कामं घेतो. हात सोन्याचे आहेत, पण हौस चढली की त्याला आवरायला मला चार हात पुरत नाहीत. उरलेल्या प्लायची त्याने लांबलचक पेटी केली, पुढे सरकती काच, वर तारेची जाळी. मधल्या खोलीत, ठकीच्या अभ्यासाच्या टेबलाला लागून, भिंतीच्या कोपऱ्यात ती बसवली. त्या भिंतीला खिडकी नाही, पलीकडे इमारतीचा जिना आहे. मग सरडा आला. शेपटीसकट हातभर, गळ्याला काट्यांची दाढी. पेटीत ठेवल्याबरोबर पोट पसरून असा बसला, जसं काही दुकान त्याच्या बापजाद्यांचं आहे. ठकी म्हणाली, हा शेठ. झालं, शेठ. शेठला खायला जिवंत रातकिडे लागतात, ते माझ्या स्वयंपाकघरात फळीवरच्या डब्यात राहू लागले आणि दिवस मावळला की किरकिर सुरू करू लागले. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ऐकतो कोण.

आणि मग दिवा.

प्राण्यांच्या दुकानवाल्याने लाल बल्ब दिला होता. म्हणाला, मॅडम, दिवसरात्र चालू ठेवा, सरड्याला लाल रंग दिसतच नाही. डोळ्यांच्या धंद्यातल्या बाईला कुणी असं सांगावं? सरड्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चार रंग जास्तच दिसत असतील. शेठ रात्रभर टक्क जागा राहिला आणि सकाळी बल्बकडे पाठ करून बसला. मग नवऱ्याने कुठूनसा वळ्यावळ्यांचा यूव्ही बल्ब मागवला, उन्हातल्या अतिनील किरणांचा. तो लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी शेठच्या पापण्या सुजल्या, आणि इकडे आमची बयो काचेला नाक लावून बसलेली. माझा जीव वरखाली झाला. वेल्डिंगवाले दुकानात येतात ना, चष्मा न घालता काम केल्यावर, लालभडक डोळ्यांनी, ते मी पाहिलेत. बल्ब त्याच मिनिटाला काढून फेकला. नवरा म्हणाला, अगं महाग होता. मी म्हटलं, पोरीचे डोळे काय फुकट आलेत?

मग मीच बसले वाचायला. फोनवर सरडेवाल्यांचे गट असतात, मला काय माहीत. दिवा किती वर असावा एवढ्या एका गोष्टीवरून तिथे माणसं एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचली होती. एक म्हणतो अमुक लावा, दुसरा म्हणतो लावाल तर सरडा आंधळा होईल, तिसरा विचारतो मुळात पाळलाच कशाला. त्या शेवटच्या माणसाचं मला पटलं. पण त्या चिखलातून कामाचं तेवढं मी वेचलं. यूव्हीची लांब ट्यूब हवी, जाळीच्या वर, मध्ये काच-प्लास्टिक काही नको. पेटीच्या एका टोकाला साधा पांढरा गरम बल्ब, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, भोवती तारेचा पिंजरा, म्हणजे सरडा चिकटून भाजत नाही. दुसरं टोक गार, म्हणजे त्याला नको झालं तर जायला जागा. रात्री सगळं बंद, मिट्ट काळोख.

हे सगळं बसवल्यावर मी माझ्या पद्धतीने तपासलं. दुकानात आमच्याकडे उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतात. गिऱ्हाइकाला पटवायला आम्ही एक खेळ करतो. कोऱ्या गोल काचेवर कागदाची चांदणी चिकटवायची, काच यूव्हीच्या डबीत धरायची, मग चांदणी काढायची. सगळी काच काळी, आणि जिथे कागदाची सावली होती तिथे स्वच्छ पांढरी चांदणी. लोक हरखतात. थोड्या वेळाने काच आपोआप निवळते. तशा काचा मी घरी आणल्या. ट्यूबखाली ठेवलेली व्यवस्थित काळवंडली. पेटीबाहेर, ठकीचं नाक जिथे असतं तिथे धरलेली जवळजवळ कोरीच राहिली. म्हणजे सरड्यालाही मिळतंय आणि पोरही सुरक्षित. मी चहा टाकला आणि म्हटलं, सुटले बाई एकदाची.

शेठने त्या दिव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तो गेला गार टोकाला. भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथे दिवा नाही, ट्यूब पोचत नाही, तिथे जाऊन अंग चपटं करून पडला, एका कुशीवर कलता, डोळे अर्धे मिटून, तोंड उघडं टाकून. आता सरडा तोंड उघडतो तो अंग तापल्यावर, एवढं मी तोवर शिकले होते. त्या कोपऱ्यात थर्मामीटर मीच लावला होता आणि तो गारठ्याचा आकडा दाखवत होता. मी नवऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, असतो एकेकाचा स्वभाव. मी दिवा उचलून त्याच्या डोक्यावर आणला, तर शेठ उठून चिडल्यासारखा बाजूला झाला, आणि दिवा परत नेला तसा पुन्हा तिथेच येऊन पडला. मी नवऱ्याला अख्खी पेटी फिरवायला लावली, इकडचं टोक तिकडे, दिवा मात्र खोलीत होता त्याच बाजूला ठेवून. त्याने कपाळाला आठ्या घालत फिरवली. शेठ सबंध पेटी चालत आला आणि त्याच कोपऱ्यात बसला. पेटीचा कोपरा आता दुसरा होता. खोलीचा तोच होता.

ही नसती उठाठेव मी तिथेच सोडून द्यायला हवी होती. पण वाकून बघताना मला त्याची सावली दिसली. सावलीइतकी सरळ वस्तू जगात दुसरी नाही. उजेड इकडे असला की सावली तिकडे, तिच्यात लबाडी चालत नाही. बल्ब शेठच्या उजवीकडे होता आणि शेठची सावलीही उजवीकडेच पडली होती, बल्बच्या दिशेने, काठ अगदी धारदार. मी आधी समोरच्या इमारतीच्या काचांवर संशय घेतला आणि पडदे ओढले. मग कपाटाच्या आरशावर चादर टाकली. टीव्ही बंद केला. सावली होती तिथेच होती. मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही, मला राग आला. एवढा खर्च करून, एवढं वाचून लावलेल्या दिव्याला तो प्राणी पाठ दाखवून बसतो म्हणजे काय.

ठकी टेबलाशी बसून हे बघत होती, उजव्या डोळ्यावर पट्टी.

"त्याला तिथे ऊन मिळतंय की," ती म्हणाली.

मी विचारलं, कुठलं ऊन. तिने पेन्सिलीने कोपरा दाखवला. तिच्या टेबलाच्या कडेपर्यंत येतं म्हणाली, दुपारनंतर जास्त. मला का दिसत नाही विचारलं, तर तिने खांदे उडवले.

"पट्टी काढली की मलापण नाही दिसत."

म्हणजे डाव्या डोळ्याने दिसतं. ज्या डोळ्याने तिला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षरही धड लागत नव्हतं, त्या डोळ्याने. मी म्हटलं, बरं बाई. पोरं काय वाटेल ते बोलतात. शिवाय खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. पट्टीवरून भांडणं थांबली होती. शाळेतून आली की दप्तर टाकून स्वतःच पट्टी लावायची आणि टेबलाशी जाऊन बसायची. नवरा छाती फुगवून म्हणायचा, बघ, सरडा कामाला आला की नाही. या माणसाला श्रेय घ्यायला नुसतं निमित्त लागतं.

तरी एका सुट्टीच्या दुपारी ठकी मैत्रिणीकडे गेली असताना मी मुख्य बटण बंद केलं. बल्ब नाही, ट्यूब नाही, पडदे घट्ट ओढलेले. शेठ आपल्या जागी पसरलेला. त्याच्या शेजारी मी चांदणी लावलेली एक काच ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावून आले. येऊन पाहिलं तर काच काळी होती. ट्यूबखाली झाली होती तशी करडी नाही, भर उन्हात बाहेर धरल्यासारखी, मिट्ट. मी चांदणी सोलून काढली. खाली पांढरी चांदणी.

मी ती काच हातात घेऊनच पडदे पुन्हा एकदा ओढून पाहिले.

नवऱ्याला दाखवायला गेले तोवर काच निवळली होती. मग काय, माझ्या हातात एक कोरी काच, आणि मी सांगतेय की ही काळी झाली होती. तो म्हणाला, काच सदोष असेल. माझ्या दुकानातली काच सदोष! त्यावरून आमचं जे जुंपलं ते जेवणापर्यंत पुरलं. शेवटी माझं समाधान व्हावं म्हणून त्याने भिंतीकडच्या बाजूला आतून प्लायची आणखी एक फळी ठोकली. शेठ फळीला टेकून बसायला लागला. जास्तच आरामात.

त्या आठवड्यात एकदा मी पेटी पुसायला वाकले होते. ठकी पाठीमागून म्हणाली, की आई, बाजूला हो, तुझी सावली पडतेय त्याच्यावर. खोलीतली ट्यूब माझ्या समोर होती, माझी सावली माझ्या मागे ठकीच्या अंगावर होती. पण शेठ खरंच दोन पावलं पुढे सरकला होता. मी बाजूला झाले. तो परत मागे गेला.

"मघाशी पण पडली होती," ठकी म्हणाली. "तेव्हा तू नव्हतीस."

मी विचारलं, मग कोण होतं. ती गणित सोडवत होती. म्हणाली, मला काय माहीत, मला सावलीच दिसली.

आता हे वाचून कुणी म्हणेल, बाई, मग तू तेव्हाच का नाही पेटी उचलून बाहेर काढलीस. सांगते. कारण डोळा सुधारत होता. मी रोज तिला दाराच्या चौकटीत उभी करून समोर तक्ता धरायचे आणि डावा डोळा एकेक ओळ खाली उतरत होता. ज्या डोळ्यावर मी मनातून पाणी सोडलं होतं तो शिकत होता. ऊन म्हणे. असेना का ऊन. बुडत्याला काडीचा आधार, आणि माझी काडी तर चांगली वाशाएवढी जाड होती.

मग ठकी पट्टी काढेनाशी झाली.

दिवेलागण झाली की मी म्हणायचे, काढ आता. ती म्हणायची, थोडं थांब, अजून ऊन आहे. काढून घेतली की जेवताना उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून एका हाताने जेवायची. एकदा मी चिडून पट्टी खसकन ओढली आणि तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. पट्टीखालची कातडी पांढरी होती, पट्टीच्या आकाराची, काठ अगदी रेखल्यासारखे. बाकीचा चेहरा रापलेला. हिवाळा होता, पोर शाळेतून आली की घराबाहेर पाऊल टाकत नव्हती, आणि नाकाच्या शेंड्याची साल निघाली होती. नवरा म्हणाला, मधल्या सुट्टीत उंडारत असेल. मी म्हटलं, पट्टी लावून? शाळेत ती पट्टी लावत नाही. तेव्हा त्याने माझ्या हातातली पट्टी घेऊन तिच्या गालावरच्या रेषेशी लावून पाहिली.

डॉक्टरीणबाईंकडची तारीख आली. त्यांनी डावा डोळा तपासला आणि खुर्चीतून पुढे झुकल्या. एवढ्या थोड्या काळात इतका फरक त्यांनी पाहिला नव्हता. मग उजवा तपासला. परत तपासला. मग ठकीला बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्यावर जी आग पाखडली, की मला वर बघवेना. चांगल्या डोळ्याची नजर उतरली होती, तीही थोडीथोडकी नाही. तुम्ही स्वतः या धंद्यातल्या, त्या म्हणाल्या, तुम्हाला सांगायला हवं का? एक मिळवायला जाऊन दुसरा घालवाल. आजपासून पट्टी बंद. उजवा मोकळा राहिला तर भरून निघेल. नाहीच निघाला तर पुढचं माझ्या हातात नाही.

घरी येऊन मी घरातल्या झाडून सगळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या. नवऱ्याला सांगितलं, सरडा आत्ताच्या आत्ता परत. या वेळी तो लगेच पेचकस शोधायला उठला, तेव्हा मला कळलं की तोही घाबरलाय. त्याने पेटीचे स्क्रू काढले, प्लाय मोडून जिन्याखाली ठेवली, आणि त्या कोपऱ्यात कपड्यांचं सगळ्यात जड कपाट ढकललं, पार भिंतीला भिडवून. ठकीचं टेबल दुसऱ्या खोलीत गेलं. दुकानवाल्याने शेठला परत घेतला, वर मलाच ऐकवलं, की मॅडम, तुम्हाला म्हटलं होतं लाल दिवा लावा. नंतर एकदा रस्त्यात भेटला तेव्हा मी विचारलंच, सरडा कुठे बसतो. तो म्हणाला, कुठे म्हणजे, दिव्याखाली. छान खातो-पितो. म्हणजे शेठमध्ये काही नव्हतं. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

मी घाबरले होते ते ठकीच्या रडण्याला. शेठला नेताना ती रडली, टेबल हलवताना रुसली. पण पट्ट्या टाकताना मी तिच्याकडे चोरून बघितलं, तर ती शांतपणे बघत उभी होती.

"असू दे," ती म्हणाली. "आता पट्टी लागत नाही."

मी तिला जवळ घेतलं. मला रडूच आलं, इतकं हायसं वाटलं.

तिला आता दोन्ही डोळ्यांना चष्मा लागणार होता. तो मी स्वतः केला, आणि काचा उन्हात काळ्या होणाऱ्या घातल्या. नवरा म्हणाला, लहान पोरीला कशाला. त्याला मी खरं कारण सांगितलं नाही. चष्मा तिच्या नाकावर राहणार होता, सगळीकडे, मी नसताना सुद्धा. कुठे काही असेल तर काच मला चुगली करणार होती. रोज घरात शिरल्याबरोबर मी आधी तिचा चष्मा बघायचे. कोरा. सकाळी कोरा, संध्याकाळी कोरा, कपाटाजवळून गेली तरी कोरा. चेहऱ्याचा रंग उतरला, नाकाची साल भरून आली. रातकिड्यांचा डबा धुऊन मी त्यात डाळ भरली. आमचं घर परत साध्या कटकटींवर आलं, आणि मी म्हटलं, असंच राहू दे बाबा.

फक्त उजवा डोळा भरून येईना.

मी दुकानात तपासला, उतरलेलाच. पुन्हा काही दिवसांनी तपासला, आणखी एक ओळ हुकलेली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं बघितलं. आत बिघाड काही नव्हता. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, चोरून पट्टी लावते का हो? झाकल्याशिवाय असं होत नाही. मी शाळेत बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं, दप्तर तपासलं, उशीखाली बघितलं, नवऱ्याने अर्धे दिवस काम सोडून घरी राहून बघितलं. पट्टी नव्हती. हाताने झाकत नव्हती. डोळा दिवसभर उघडा होता.

त्या संध्याकाळी मी दुकानातून आले तेव्हा नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. ठकी जेवणाच्या टेबलाशी गृहपाठ करत होती. तिथे कोपरा नाही, टेबल खोलीच्या मधोमध आहे. पडदे ओढलेले, वर नेहमीची ट्यूब.

तिचा चष्मा काळा होता.

मी चपला न काढताच उभी राहिले. तिची मान जराशी वर होती आणि तोंड किंचित उघडं, शेठचं असायचं तसं. एका हातात पेन्सिल होती. दुसरा हात वहीवर होता.

मी हाक मारली. ती म्हणाली, "हं."

मी पुढे होऊन चष्मा काढून घेतला. तिने काढू दिला. काचा कोमट होत्या.

चष्म्याखाली तिचे दोन्ही डोळे उघडे होते. मी डाव्या डोळ्यासमोर हात नेला. पापणी लवली. उजव्यासमोर नेला, अगदी पापणीला लागेल इतका. तो डोळा टक्क उघडाच राहिला.

आतून नवऱ्याने विचारलं, काय झालं.

मी चष्मा ट्यूबकडे धरला. डावी काच काठापर्यंत काळी होती. उजवी नव्हती. उजव्या काचेवर पांढरे पट्टे होते, चांदणी सोलल्यावर उरते तसे स्वच्छ, कानाकडून नाकाकडे आलेले, एकाला एक लागून, टोकाला गोल.

लहान मुलाची काच ती. मी माझी बोटं त्या पट्ट्यांवर ठेवून पाहिली. माझी तीन मावली. तिथे पाच होती, आणि सगळी एकाच लांबीची.